चाहूल आणि दर्शन

आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाला बाकीची मुले कुठे आहेत हे ठाऊक नसते. ती जवळपास आहेत एवढे मात्र पक्के ठाऊक असते. उजवीकडून हसू आले म्हणून ते उजवीकडे हात पसरते, तोवर हसणारा निसटून भलतीकडे गेलेला असतो. आवाजातून मिळणाऱ्या ज्ञानाचा सगळा स्वभाव या खेळात आला आहे. कोणीतरी आहे ही खात्री, दिशेचा अंदाज, अंतराचा त्याहून ढोबळ अंदाज, आणि हाताशी येईपर्यंत शिळी झालेली बातमी. यासाठी मराठीत ‘चाहूल’ हा नेमका शब्द आहे. चाहूल लागली म्हणजे माणूस सापडला, असे कोणी म्हणत नाही. एखादी कंपनी किंवा बटालियन, तिच्या दिमतीचे मोजके रणगाडे आणि दोन-चार किलोमीटरचा मुलूख एवढ्यावर चालणारे जे युद्धखेळ आहेत, ते शत्रूच्या गाड्यांच्या आवाजाचे काय करतात, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या खेळांनी आवाजाला फार वेळा अधू दृष्टी मानले आहे. दिसले नाही पण ऐकू आले, म्हणजे थोडेसे दिसलेच, असा हिशेब त्यात असतो. हा हिशेब चुकीचा आहे. चाहूल हा दर्शनाहून वेगळ्या जातीचा पुरावा आहे आणि खेळात त्याला स्वतःचे नियम मिळायला हवेत.

ही चूक कशी रुजली हे समजायला थोडे मागे जावे लागते. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली रायस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात दोन्ही पक्षांच्या मध्ये पंच बसत असे. कोणाला काय दिसले, काय ऐकू आले, हे पंच ठरवी आणि ज्याचे त्याला सांगे. टेकडीपलीकडून चाकांचा खडखडाट येतो आहे, एवढेच सांगून तो थांबू शकत असे. पुढे १८७६ साली फेर्डी द्यू व्हेर्नुआ याने नियमांच्या आणि फाशांच्या जंजाळातून पंचाला मोकळे केले आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ उभा केला. तिथे चाहुलीला जागा मिळवून देण्यासाठी वेगळी खटपट करावी लागली नाही, कारण चाहूल शब्दांत सांगता येते आणि पंच शब्दांतच बोलत असे. विसाव्या शतकात खेळ खोक्यात भरून दुकानात आला आणि पंच गेला. समोरासमोर बसलेले दोन खेळाडू एकाच पटावरच्या सोंगट्या बघू लागले. ॲव्हलॉन हिलने १९७० साली काढलेल्या ‘पॅन्झरब्लिट्झ’मध्ये, एक षटकोन म्हणजे २५० मीटर अशा पटावर, रानात शिरलेल्या रणगाड्यावर गोळीबार करायचा तर आपली तुकडी त्याच्या शेजारच्या षटकोनात असावी लागे. शिवाय प्रतिपक्षाच्या पाळीत त्याच्या चालत्या रणगाड्यांवर गोळी झाडण्याची सोय नव्हती. परिणाम असा, की रणगाडे एका रानातून दुसऱ्या रानात बिनधास्त उड्या मारत. या प्रकाराला खेळाडूंनी ‘पॅन्झरबुश’ असे नावच ठेवले. पंचवीस-तीस टनांचे धूड झाडीत शिरले की नियमांच्या दृष्टीने ते नाहीसे होई, आणि समोरच्या खेळाडूला मात्र ते पटावर लख्ख दिसत असे. शिपायाला काहीच कळत नाही आणि सेनापतीला सगळेच कळते, अशी ही दुहेरी चूक होती. कान या दोहोंच्या मधे असतात, आणि नेमके तेच खेळातून गळले.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे वळू. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. २५० मीटरवरची गाडी २००० मीटरवर नेली तर तीन दुपटींत १८ डेसिबल कमी होतात. हे गणित सोपे आहे आणि खेळ लिहिणाऱ्याला तेवढेच वापरायचा मोह होतो. पण रणभूमीवर हे गणित सर्वांत कमी महत्त्वाचे ठरते. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम आणि वरची गार असते. अशा वेळी आवाज वरच्या बाजूला वळतो आणि काही अंतरापलीकडे जमिनीवर ध्वनीची सावली पडते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन गार पडते, वरची हवा तुलनेने उबदार राहते, आवाज खाली वळतो आणि दुपारी जो ऐकू आला नसता तो मैलभर लांबून येतो. वारा ऐकणाऱ्याकडे वाहत असेल तर आवाज पोचतो, उलटा असेल तर बराच आधी विरतो. म्हणजे एकच रणगाडा, एकच टेकडी आणि एकच खंदक असूनही दुपार आणि मध्यरात्र यांत कानाचा पल्ला कितीतरी पटींनी बदलतो. ज्या खेळात रात्र झाली की दृष्टीचा पल्ला घटतो आणि कानाचा पल्ला तेवढाच राहतो, त्याने रात्रीचे निम्मेच वर्णन केले आहे. रात्री डोळे हरतात तेव्हाच कान जिंकतात.

दुसरी गोष्ट स्वराची. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याच्या डिझेल इंजिनाला बारा सिलिंडर होते. मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या गतीला त्यात सेकंदाला १८० स्फोट होतात. या आवाजाची लांब, जवळजवळ दोन मीटरची लाट असते. ती बांध, भिंत, टेकाड यांना वळसा घालून येते आणि हवेत फारशी शोषली जात नाही. पोलादी पट्ट्यांची करकर आणि किंकाळी मात्र उंच स्वराची. ती लवकर शोषली जाते आणि आडोशाला अडते. म्हणून लांबून नुसती घरघर येते, गाडी जवळ आली की तिच्यात पट्ट्यांचा खडखडाट मिसळतो. अनुभवी कानाला अंतराचा जो काही अंदाज येतो तो मुख्यतः या मिश्रणातून. अमेरिकेने रशियाला दिलेल्या शेरमन रणगाड्यांच्या पट्ट्यांना रबर होते आणि ते टी-३४ पेक्षा शांतपणे चालत. ही गोष्ट ते चालवणाऱ्या रशियन सैनिकांनी आवर्जून नोंदवली आहे. रणगाड्याच्या चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये देणाऱ्या खेळाने त्याच्या पट्ट्या रबरी आहेत की पोलादी, याचाही हिशेब ठेवावा. लढाई सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात चिलखतापेक्षा हा फरक जास्त कामाचा असतो.

तिसरी गोष्ट ऐकणाऱ्याची, आणि खेळ सर्वांत कमी लक्ष देतात ते इथेच. माणसाला दिशा कळते ती आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो म्हणून. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सातदशांश एवढा असतो. उजवे-डावे त्यातून चांगले कळते. पुढचे-मागचे ओळखायला मान वळवावी लागते, आणि वळवायला आवाज टिकावा लागतो. दरी, गल्ली, इमारती असतील तर प्रतिध्वनी या सगळ्यावर पाणी फिरवतात. शिवाय ऐकण्यासाठी स्वतः गप्प असावे लागते. धावणारी तुकडी आपलाच श्वास आणि बूट ऐकते. गोळीबार करणारी तर काहीच ऐकत नाही. इंजिन चालू असलेल्या रणगाड्यातले, कानांवर हेडफोन चढवलेले चालक-दल तर जवळपास बहिरे. म्हणूनच रणगाडा आडोशाला थांबवायचा, इंजिन बंद करायचे आणि झाकणातून डोके बाहेर काढून कानोसा घ्यायचा, ही चिलखती दळातली जुनी शिकवण आहे. यातून खेळासाठी एक साधा नियम निघतो. ऐकण्याची क्षमता तुकडीच्या प्रकारावर जेवढी अवलंबून असते त्याहून जास्त ती त्या क्षणी काय करते आहे यावर अवलंबून असावी. खंदकात निमूट बसलेले पायदळ रणभूमीवरचा सर्वांत चांगला कान आहे, आणि चढाई करणारा रणगाडा सर्वांत वाईट. बचाव करणाऱ्याला मिळणारा हा फायदा ज्या खेळात नाही, तिथे चढाई वाजवीपेक्षा सोपी होते.

संगणकावरच्या खेळांत हा प्रश्न सर्वांत गंभीरपणे घेतला तो ‘कॉम्बॅट मिशन’ मालिकेने. तिचा पहिला भाग २००० साली आला. ऐकू आलेल्या पण न दिसलेल्या गाडीसाठी त्यात संदिग्ध खूण होती. मात्र पाहण्याच्या बाबतीत सगळी फौज एकच डोके घेऊन वावरे. एका तुकडीला शत्रू दिसला की तो सगळ्यांनाच दिसला. २००७ च्या ‘शॉक फोर्स’पासून ही पद्धत बदलली. प्रत्येक तुकडीचे ज्ञान तिचे तिचे झाले, आणि ते हाकेने, खुणेने, रेडिओने, हुकमाच्या साखळीतून दुसऱ्यापर्यंत जाऊ लागले. या बदलाला मी फार मोठा मानतो. चाहूल नेहमी कोणाची तरी असते, हे तत्त्व त्यात पहिल्यांदा नीट उतरले. तरीही एक गोम राहते, आणि ती या एका मालिकेपुरती नाही. प्रश्नचिन्हाची खूण नकाशावर कुठेतरी उभी करावी लागते, आणि ती जिथे उभी राहते तो एक बिंदू असतो. खेळाडू चतुर असतो. तो त्या बिंदूवर उखळी तोफांचा मारा मागवतो, रणगाडाविरोधी तोफेचे तोंड तिकडे करतो. शिपायाला ऐकू आली होती फक्त ‘त्या गावाच्या अंगाने घरघर’. चित्राने तिचे ठिकाण करून टाकले. कानाची चूक दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश धरली तरी हजार मीटरवर तिचा पट्टा साडेतीनशे मीटर रुंद होतो, आणि खोली तर अंतर कळत नसल्यामुळे त्याहून मोठी. ही माहिती बिंदूने दाखवता येत नाही. ती पंख्यासारख्या उघडलेल्या पट्ट्याने दाखवावी, ऐकणाऱ्यापासून निघालेल्या, वेळेची नोंद असलेल्या आणि जुनी होईल तशी फिकी पडणाऱ्या. दोन चौक्यांचे दोन पट्टे एकमेकांना छेदतील तिथे संशय दाट होईल. पण त्या दोन चौक्यांमधली तार किंवा रेडिओ चालू असेल तरच.

चाहुलीचे खरे मोल काय, हे लोंगेवालाच्या लढाईत दिसते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानच्या वाळवंटात २३ पंजाबच्या एका कंपनीची चौकी मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडे होती. सीमेवर गस्तीला गेलेल्या लेफ्टनंट धरमवीर यांच्या तुकडीला पलीकडून बऱ्याच चिलखती गाड्यांची घरघर ऐकू आली. ती बातमी मागे गेली. सैन्याच्या टेहळणी विमानाने रणगाड्यांच्या लांब रांगेची खात्री दिली, आणि गस्तीला त्या रांगेवर पाळत ठेवायला सांगितले गेले. मध्यरात्रीनंतर हल्ला चौकीवर पोचला तेव्हा कंपनी जागी होती, तिच्याजवळची थोडी रणगाडाविरोधी शस्त्रे जागेवर होती आणि वरपर्यंत निरोप गेलेला होता. सकाळी उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली. ‘बॉर्डर’ चित्रपटामुळे ही लढाई घराघरांत माहीत आहे, पण तिची सुरुवात एका ऐकलेल्या आवाजाने झाली हे फारसे लक्षात राहत नाही. त्या आवाजाने ठिकाण, आकडा किंवा रणगाड्याची जात यांतले काहीच नेमके दिले नाही. त्याने दिला वेळ आणि पुढे काय विचारायचे तो प्रश्न. विमानाने कुठे पाहावे, गस्तीने कुणाच्या मागावर राहावे, हे त्या प्रश्नाने ठरवले. खेळात चाहुलीने नेमके हेच करावे. लक्ष्य हाती देण्याऐवजी खेळाडूला निर्णयात ओढावे: राखीव तुकडी हलवू की थांबू, टेहळणीला कोणाला पाठवू, आवाज खरा धरू की नाही.

यावर एक बळकट आक्षेप आहे. पहिल्या महायुद्धात विल्यम लॉरेन्स ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाजावरून जर्मन तोफांची ठिकाणे काढली होती. टकर यांच्या तप्त तारेच्या मायक्रोफोनने ते तंत्र इतके सुधारले, की दिसतही नसलेल्या तोफा अचूक टिपता येऊ लागल्या. मग आवाज ठिकाण सांगत नाही असे कसे म्हणायचे? उत्तर त्या तंत्राच्या घडणीतच आहे. तोफेचा आवाज हा एक धक्का असतो. त्याला स्पष्ट सुरुवात असते. किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेल्या, जागा मोजून लावलेल्या मायक्रोफोनांच्या रांगेत तो कुठे किती उशिरा पोचला हे फिल्मवर उमटते, आणि मागे बसलेली माणसे त्यावरून गणित करतात. गाडीची घरघर अखंड असते. तिच्या कुठल्या क्षणाला सुरुवात म्हणायचे? आणि खंदकातल्या शिपायाच्या दोन कानांत वीतभरही अंतर नसते. ब्रॅग यांच्या उदाहरणातून एवढेच निघते, की ध्वनिमापक पथक असेल तर खेळाने त्याला वेगळी, मोठी क्षमता द्यावी. ती पायदळाच्या प्रत्येक तुकडीला वाटू नये.

दुसरा आक्षेप असा, की मुरलेला शिपाई नुसत्या आवाजावरून टायगर की शेरमन हे सांगे. मला हे अंशतः मान्य आहे. एकटी गाडी, शांत रात्र, ओळखीचे इंजिन असेल तर मुरलेला कान पुष्कळ सांगतो, आणि खेळात अनुभवी तुकडीला ती सवलत जरूर असावी. पण त्याच कानाला फसवताही येते, आणि सैन्यांनी ते ठरवून केले आहे. ४ जुलै १९१८ ला हामेल येथे आणि त्यानंतर ८ ऑगस्टला आमियँ येथे रणगाडे पुढे सरकवताना त्यांचा आवाज झाकण्यासाठी विमाने मुद्दाम त्या भागावर उडवण्यात आली. त्याच्याही पुढचे पाऊल दुसऱ्या महायुद्धात टाकले गेले. १९४४ साली अमेरिकेने सुमारे अकराशे माणसांचे एक भुलवणूक दल उभारले. फुगवलेले रबरी रणगाडे आणि खोटे रेडिओ संदेश यांच्याबरोबर त्यात एक ध्वनी-कंपनीही होती. खऱ्या चिलखती गाड्यांचे आवाज फोर्ट नॉक्सला मुद्रित करून घेतले होते. ते गाड्यांवर बसवलेल्या प्रचंड कर्ण्यांतून रात्री वाजवले जात. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइन ओलांडण्याच्या वेळी या दलाने दोन डिव्हिजनांचे सोंग आणले आणि जर्मनांचे लक्ष खऱ्या जागेवरून हटवले. आता ज्या खेळात आवाजाची खूण उमटली म्हणजे तिथे नक्की काहीतरी आहेच, त्या खेळात हे दल उभे तरी कसे करणार? खोटी चाहूल शक्य नसेल तर खरी चाहूलही खरी राहत नाही. ती एक हमीपत्र होते. हे कागदी खेळांना पूर्वीच उमगले होते. १९८५ च्या ‘ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’मध्ये प्रश्नचिन्हाच्या सोंगटीखाली कधी पलटण असते, कधी काहीच नसते. संगणकाला ही युक्ती कागदापेक्षा कितीतरी सोपी आहे, आणि तरी ती तिथे कमी दिसते, याची मला खंत वाटते.

खेळाडूंकडून येणारा आक्षेप निराळा आहे. अनिश्चितता फार झाली की खेळ नशिबाचा होतो, आपण हरलो ते चुकीमुळे की फाशामुळे हे कळत नाही, आणि शिकण्यासारखे काही उरत नाही. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण शिकवत नसेल तर युद्धखेळाला फारसा अर्थ नाही. पण अनिश्चितता आणि मनमानी यांत फरक आहे. वारा कुठून वाहतो, रात्र आहे की दुपार, आपली तुकडी स्थिर आहे की चालती, मधे टेकाड आहे की मोकळे रान, या सगळ्यांवर चुकीचे प्रमाण ठरत असेल आणि खेळाडूला ती कारणे दिसत असतील, तर तो त्यांचा उपयोग करायला शिकतो. वाऱ्याच्या उलट्या अंगाने रणगाडे आणतो, तोफखान्याच्या भडिमाराखाली त्यांना हलवतो, पुढे दोन माणसांची ऐकण्याची चौकी बसवतो. हे सगळे खऱ्या सैन्यांनी केलेले डावपेच आहेत, आणि आवाजाचे नियम नसलेल्या खेळात ते सुचण्याचे कारणच उरत नाही.

त्रिमितीय खेळांत आणखी एक गळती होते, आणि ती निव्वळ तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही. खेळाडूचा कॅमेरा रणभूमीवर कुठेही तरंगू शकतो, आणि खेळाचा ध्वनी त्या कॅमेऱ्याला ऐकू येणारा असतो. न दिसलेल्या गाडीचे इंजिन वाजत ठेवले तर खेळाडू कॅमेरा फिरवून तिला शोधेल; पूर्ण बंद केले तर कान निरुपयोगी होतील. यावरचा प्रामाणिक उपाय एकच दिसतो: शत्रूचा आवाज कॅमेऱ्याला न ऐकवता निवडलेल्या तुकडीच्या जागेवरून, तिच्या कानाने ऐकवावा. रणगाड्याच्या आत बसून खेळायच्या सिम्युलेटरांत हे आपोआप होते, कारण तिथे खेळाडू एकाच जागी असतो. वरून पाहायच्या खेळांना ते जाणीवपूर्वक करावे लागेल.

आजच्या रणभूमीवर उष्णतेवरून पाहणारे कॅमेरे आणि ड्रोन असताना कानाचे काय काम, असेही विचारले जाईल. दुसऱ्या महायुद्धावरचे खेळ खेळणाऱ्याला हा प्रश्न लागू नाही. आजच्या युद्धावरचे खेळ लिहिणाऱ्याने मात्र एवढे ध्यानात घ्यावे, की कॅमेऱ्याला दृष्टिरेषा लागते आणि घरघरीला लागत नाही. उताराच्या पलीकडे, भिंतीच्या आड, झाडीच्या मागे आजही पहिली खबर कानच देतो.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने आपल्या आवडीचा एखादा युद्धखेळ हाताशी ठेवावा. त्यात शत्रूच्या गाडीची आवाजाची खूण जेव्हा उमटेल तेव्हा तीन गोष्टी तपासाव्यात: कोणी ऐकले, केव्हा ऐकले आणि ते खोटे असू शकते का. यांतल्या एकाचेही उत्तर खेळ देत नसेल, तर त्या खुणेवर तोफा मागवू नका. आधी दोन माणसे पुढे पाठवा.